‘ळ’चा सूड

दुर्गाच्या कंपासात पेन्सिलीपेक्षा खोडरबर आधी संपायचं. अक्षर रेघेच्या जरा वर गेलं की ती ते खोडायची, पुन्हा काढायची, पुन्हा खोडायची, आणि कागद फाटला की अख्खं पान टरकावून त्याचा बोळा भिंतीवर मारायची. मग नव्या पानावर पहिल्या ओळीपासून सुरुवात. नऊ वर्षांची पोर, पण ती गृहपाठाला बसली की घरात टीव्ही लावायची कुणाची हिंमत नसे. सायकल तिला येत नव्हती, कारण शिकताना पडावं लागतं आणि पडलेलं गल्लीतली पोरं बघतात. दिवाळीत तिने दारात रांगोळी काढायला घेतली, एक पाकळी मनासारखी येईना म्हणून पुसत राहिली, आणि त्या वर्षी दार रिकामंच राहिलं.

तिची आई मेधा मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायची. तिला या सगळ्याचा आतून अभिमानच होता. ‘‘आमच्या दुर्गाला अर्धवट चालत नाही,’’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दुर्गाचा बाबा श्रीपाद सोनकच्छच्या वीज कार्यालयात नोकरीला होता, रोज बसने जाऊन-येऊन. तो म्हणायचा, ‘‘अगं, रिकाम्या दारापेक्षा वाकड्या पाकळीचं दार बरं.’’ मेधा ते कानाआड करायची.

मेधाचं माहेर धारचं. तिथल्या गणेशमंडळात दरवर्षी मुलांची कथाकथन स्पर्धा होत असे आणि लहानपणी मेधाने ती जिंकलेली होती. दुर्गा नऊ वर्षांची झाली तेव्हा तिने तिचंही नाव दिलं. गोष्ट मेधाने स्वतः लिहिली, एका हट्टी शेळीची. दुर्गाने ती अशी पाठ केली की झोपेतसुद्धा म्हणाली असती. एक गोष्ट मात्र मेधाच्या लक्षात आली नाही, किंवा आली असेल तर तिने ती मनावर घेतली नाही. दुर्गा हिंदी शाळेत जाणारी, गल्लीत हिंदी बोलणारी. तिच्या जिभेवर ‘ळ’ नव्हता. घरात सगळ्यांना सवयीने तो ऐकू आल्यासारखा वाटायचा, एवढंच.

स्पर्धेच्या परीक्षक जानकीबाई. धारच्या दरबारात त्यांच्या आजेसासऱ्यांची उठबस होती, आणि ते दिवस अजून संपलेले नाहीत अशा थाटात त्या बोलायच्या. मराठी मात्र त्यांची खरोखर सुंदर होती. सगळं मंडळ त्यांना वचकून असायचं.

दुर्गा मंचावर आली. नवं परकर-पोलकं, केसांत अबोली, हात अगदी शिकवल्यासारखे. नमस्कार करून तिने सुरुवात केली, ‘‘सकाली सकाली एक काली शेली मालावर—’’

‘‘थांब गं,’’ जानकीबाई माइकवरच म्हणाल्या. ‘‘काय म्हणालीस? शेली? ही शेली कोण? तुमच्या शाळेतली मॅडम का?’’

सभागृहात हशा झाला.

‘‘शेळी म्हण. शे-ळी.’’

‘‘शेली,’’ दुर्गा म्हणाली. तिला वाटलं आपण बरोबर म्हणतोय.

हशा वाढला. जानकीबाईंनीही तोंडाला पदर लावला. ‘‘असू दे, असू दे. देवासची मराठी ही अशी. धारला नाही हो चालायची. पुढे बोल.’’

दुर्गा पुढे बोलली नाही. ती वळली आणि पायऱ्या उतरून आईच्या शेजारी येऊन बसली. रडली नाही. केसांतली अबोली काढून तिने पाकळी पाकळी करून खुर्चीखाली टाकली. त्यानंतर जानकीबाईंचा नातू हर्षित आला. तो इंदूरच्या इंग्रजी शाळेत शिकायचा, पण त्याने आजीने बसवलेली गोष्ट घडाघडा म्हटली आणि पहिलं बक्षीस घेऊन गेला. बक्षीस आजीच्याच हातून.

दुसऱ्या दिवसापासून दुर्गाने मराठी बोलणं बंद केलं.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग मेधाने पाहिलं, की पोरगी केळं मागत नाही, बोट दाखवते. डोळे दुखतात म्हणत नाही, ‘आँखें’ म्हणते. ज्या शब्दात ते अक्षर आहे त्याला ती वळसा घालत होती, आणि असे शब्द मराठीत पावलोपावली. महिन्याभरात वळसे संपले आणि नुसती हिंदी उरली. आई मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. एकदा मेधा खूप चिडली तेव्हा दुर्गा शांतपणे म्हणाली, ‘‘जो ठीक से नहीं आता, वो मैं नहीं करूँगी.’’

मेधाला ते वाक्य ओळखीचं वाटलं. पण ते कुठून आलं याचा विचार तिने त्या दिवशी केला नाही. तिच्या डोक्यात एकच चेहरा होता, तोंडाला पदर लावून हसणारा.

सूड ही गोष्ट मेधाला नवीन होती. शाळेत ती कडक होती, पण तिने मनात कधी काही धरून ठेवलं नव्हतं. आता ती फळ्यावर समीकरण मांडतानासुद्धा जानकीबाईंशी भांडत असायची. कणीक मळताना तिच्या मुठी जास्तच जोरात पडायच्या. काय केलं म्हणजे ही बाई भर सभेत अशीच गप्प होईल, याची ती वेगवेगळी चित्रं रंगवायची. त्यात तिला एक विलक्षण सुख मिळायचं, आणि ते सुख रोज थोडं जास्त लागायचं.

वाट सापडली ती फोनवर. तिची बालमैत्रीण अपूर्वा धारलाच, जानकीबाईंच्या गल्लीत राहायची. बोलता बोलता ती हसून म्हणाली, ‘‘अगं, तो हर्षित! त्याला मराठीची एक ओळ वाचता येत नाही. आजी वाक्य म्हणते, हा मागून म्हणतो. पोपट आहे नुसता. हिंदीसुद्धा अडखळत वाचतो.’’

मेधाने फोन ठेवला आणि आनंदाने स्वतःशीच हसली.

मंडळाचे अध्यक्ष दत्ताजी हे निवृत्त हेडमास्तर, भोळे आणि उत्साही. मेधाने त्यांना गाठलं. ‘‘काका, एक सुचवू? आपली मुलं पाठ करून म्हणतात, पण वाचता कुणाला येत नाही. पुढच्या वर्षापासून आयत्या वेळी चिठ्ठी उचलायची आणि त्यावरचा उतारा वाचून दाखवायचा, अशी फेरी ठेवली तर? मराठी टिकेल तरी.’’

दत्ताजींचे डोळे भरून आले. ‘‘पोरी, हे आम्हाला का नाही सुचलं! उतारे मी स्वतः लिहितो.’’

समितीत ठराव मांडला गेला. जानकीबाईंना तो नको होता, पण का नको ते सांगता येईना. मराठी टिकवायच्या ठरावाला त्या कोणत्या तोंडाने विरोध करणार? अपूर्वाने मेधाला सगळं सांगितलं. त्या दिवशी मेधाने घरी श्रीखंड केलं आणि श्रीपादने कारण विचारलं तेव्हा सांगूनही टाकलं.

श्रीपाद वाटी खाली ठेवत म्हणाला, ‘‘तो पोरगा अकरा वर्षांचा आहे, मेधा.’’

‘‘आपली नऊ वर्षांची होती.’’

‘‘म्हणून?’’

‘‘म्हणून काही नाही. त्यांच्या नातवाला हसतील तेव्हा कळेल त्यांना. आणि तोवर दुर्गाला मी असं तयार करते, की तिची एक चूक कुणाला सापडायची नाही.’’

मग शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी मेधा दुर्गाला समोर बसवायची. जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड. म्हण, बाळ. ‘‘बाल.’’ परत. ‘‘बाल.’’ परत. दुर्गा तोंड मिटून घ्यायची. मेधाचा आवाज चढायचा, ‘‘त्या बाईला दाखवायचंय ना आपल्याला? मग?’’ दुर्गाच्या डोळ्यांत मग आईवरचा नाही, स्वतःवरचा राग दिसायचा.

एका संध्याकाळी श्रीपाद कामावरून आला तर दुर्गा आरशासमोर उभी. तिने दोन बोटांत जीभ पकडली होती आणि नखं रोवली होती. ओठावर रक्त होतं.

‘‘ये काम ही नहीं करती,’’ ती म्हणाली. ‘‘इसको सज़ा दे रही हूँ.’’

श्रीपादने तिचा हात सोडवला, चूळ भरायला लावली, आणि स्वयंपाकघरात जाऊन प्रथमच बायकोवर ओरडला. ‘‘सूड तुझा आहे, जीभ तिची आहे! आजपासून तू तिला शिकवायचं नाहीस.’’

मेधा उत्तर द्यायला वळली, आणि दारात उभ्या पोरीच्या ओठावरचं रक्त तिला दिसलं. शिकवणी तिने थांबवली. धारचा बेत मात्र सोडला नाही. उलट, हेही त्या बाईच्याच खात्यात मांडलं.

रविवारी श्रीपादने दुर्गाला स्कूटरवर बसवलं आणि देवासबाहेर पवनचक्क्यांच्या टेकड्यांवर नेलं. वर वारा असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मोठमोठी पाती घूं घूं करत फिरत होती. माणूस नाही, काणूस नाही.

‘‘इथे काय करायचं?’’ तिने हिंदीत विचारलं.

‘‘चुकायचं,’’ श्रीपाद म्हणाला. ‘‘मी आधी.’’ त्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा प्रयत्न केला. नुसती हवा आणि थुंकी. ‘‘लहानपणापासून येत नाही. सगळे मित्र मारायचे, मला नाही जमली. मग मी सांगत सुटलो की मला शिट्टी आवडत नाही.’’ त्याने पुन्हा फुंकलं. थुंकी वाऱ्याने उलटून त्याच्याच चष्म्यावर आली.

दुर्गा तोंड वळवून हसली.

‘‘हसलीस?’’

‘‘सॉरी.’’

‘‘सॉरी कशाला? हसण्यासारखंच आहे. तू हसलीस म्हणून मी काही टेकडी उतरून पळालो नाही.’’ आणि तो फुंकत राहिला. घसा कोरडा पडेस्तोवर, तिला काही न सांगता, तिच्याकडे न बघता.

पहिल्या रविवारी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्यांदा वर गेले तेव्हा तिने विचारलं, ‘‘इथे खरंच कुणाला ऐकू येत नाही?’’ हे ती मराठीत बोलली, अनेक महिन्यांनी. श्रीपादने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

‘‘वाऱ्याला येतं. पण तो परीक्षक नाही.’’

ती पवनचक्कीच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली, मुठी आवळल्या आणि किंचाळली, ‘‘काली शेली!’’ मग आणखी जोरात, ‘‘जानकीबाईची काली शेली! जानकीबाई, तू शेली! तू म्हातारी शेली!’’ इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर पडत होतं. ती पाय आपटत होती, दगड उचलून फेकत होती, रडत होती. शिव्या संपल्या तेव्हा नव्या बनवत होती. श्रीपादने अडवलं नाही. फक्त एकदा म्हणाला, ‘‘म्हातारीला नको गं, शेळीलाच दे शिव्या. तिचा काही दोष नाही, पण तिला वाईट वाटत नाही.’’

रविवारामागून रविवार गेले. ओरडता ओरडता कधी जीभ आपसूक मागे गेली ते तिलाही कळलं नाही. ‘काळी’ आला. लगेच पुढच्या वेळी ‘काली’ झाला. ती खवळली, लाथ मारायला दगड शोधू लागली.

‘‘एकदा आला ना?’’ श्रीपाद म्हणाला. ‘‘म्हणजे तो तोंडात आहे. आता गेला तर कुठे जाईल? परत बोलाव.’’

‘‘दर वेळी यायला पाहिजे.’’

‘‘का?’’

‘‘नाही तर हसतात.’’

‘‘हसू देत. हसून झालं की थांबतात लोक. दम लागतो त्यांना. तू त्यांच्यापेक्षा जास्त वेळ उभी राहा, बस्.’’

हे तिला पटलं, कारण यात लढाई होती. दुर्गाला लढाई समजायची. त्या दिवसापासून शब्द चुकला की ती दात ओठ खाऊन फक्त ‘‘परत’’ म्हणायची. गृहपाठाला बसल्यावरही कधी कधी ऐकू यायचं, ‘‘परत.’’ पान मात्र फाटत नसे, निदान रोज नसे. खोडरबर अजूनही लवकर संपायचं. पोर काही बदलून दुसरी झाली नव्हती.

भाद्रपद आला. मेधाने दुर्गाला विचारलं, ‘‘जायचं धारला? नको असेल तर नाव देत नाही.’’ तिने खरोखर विचारलं होतं, पण मनात धाकधूक होती, कारण हर्षितचा फजितवाडा बघायला ती एकटीसुद्धा गेली असती.

‘‘जायचं,’’ दुर्गा म्हणाली. ‘‘मला तिथे उभं राहायचंय.’’

सभागृह मागच्या वर्षीपेक्षा भरलेलं होतं. नवी फेरी आहे म्हणून लोक कुतूहलाने आले होते. दत्ताजी स्वतः लिहिलेल्या उताऱ्यांच्या चिठ्ठ्या एका तांब्यात घालून बसले होते, शेजारी घंटा. जानकीबाई परीक्षकांच्या टेबलाशी, पाठ ताठ, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मेधाने ते पाहिलं आणि तिसऱ्या रांगेत, त्यांना दिसेल अशी बसली.

हर्षितचं नाव पुकारलं. पोरगा उंच झाला होता, कुर्ता कडक इस्त्रीचा. त्याने चिठ्ठी उचलली, उघडली, आणि आजीकडे पाहिलं. आजी काही सांगू शकत नव्हती.

‘‘वाच बाळा,’’ दत्ताजी प्रेमाने म्हणाले.

‘‘चु... चुली...’’ हर्षित अक्षरावर बोट ठेवून वाचू लागला. ‘‘चुलीज... चुलीजवल... ब... बस...’’

‘‘जवल!’’ मागून कुणीतरी म्हणालं. मागच्या वर्षी हसणारेच आज हसले. ‘‘अरे, हा तर पहिला नंबर ना? काय झालं भिया?’’ हर्षितचे कान लाल झाले. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडला. ‘‘जोबा... आजो...’’ मग तो थांबला.

मेधाने वर्षभर हाच क्षण चाखला होता, आणि तो कल्पनेइतकाच गोड होता. वाक्य तिच्याकडे तयार होतं. हशा जरा ओसरेपर्यंत ती थांबली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘असू दे, असू दे. धारची मराठी ही अशी.’’

पुन्हा हशा. ज्यांना मागचं वर्ष आठवत होतं ते जास्त हसले. जानकीबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. ठराव, चिठ्ठ्या, सगळं. मेधाने नजर हटवली नाही. हर्षित मंचावरून उतरला तो आजीकडे गेला नाही, सरळ दाराबाहेर गेला.

पुढचं नाव दुर्गाचं. ती उठताना आईकडे पाहून म्हणाली, ‘‘तू कशाला बोललीस?’’ आणि उत्तराची वाट न बघता मंचावर गेली.

तिच्या चिठ्ठीत तळ्याची गोष्ट होती. तिने आधी मनात वाचलं. मेधाला दुरूनही कळलं की काहीतरी कठीण आलंय. दुर्गाने श्वास घेतला आणि वाचलं, ‘‘तळ्याच्या काळ्या पालीवर कोल्याने—’’

हसू आलं. फार नाही, इकडून तिकडून. सभागृह आता हसण्याला सरावलं होतं. श्रीपाद खुर्चीच्या टोकाला आला.

‘‘चुकलं,’’ दुर्गा माइकवर म्हणाली. ‘‘परत.’’

‘‘तळ्याच्या काळ्या पाळीवर कोल्याने जाले—’’ ती थांबली. ‘‘चुकलं. परत.’’

आता लोक मोकळेपणी हसले. दुर्गाने मान वर केली आणि हसणाऱ्यांकडे बघत राहिली, एकेकाकडे, शांतपणे. त्यांचं होऊ दिलं. हसू कमी झालं, मग अवघडलं, मग बंद पडलं. ‘‘झालं?’’ तिने विचारलं. ‘‘परत.’’

दत्ताजींनी घंटा वाजवली. ‘‘वेळ संपली गं बाळ. छान प्रयत्न हो.’’

‘‘नंबर नका देऊ,’’ दुर्गा म्हणाली. ‘‘पण हे वाक्य झाल्याशिवाय मी उतरणार नाही.’’

दत्ताजींचा हात घंटेवर राहिला. दुर्गाच्या कपाळावर घाम होता, मान ताठ होती, आणि डोळ्यांत जे होतं त्याला कुणी गोड म्हटलं नसतं. तिने पुन्हा वाचलं. पुन्हा. प्रत्येक वेळी एखादा शब्द निसटायचा आणि ती वाक्याच्या सुरुवातीशी परत जायची. लोक हळूहळू पुढे झुकले. शेवटी तिने एकेक शब्द दगडासारखा ठेवत म्हटलं, ‘‘तळ्याच्या काळ्या पाळीवर कोळ्याने जाळे वाळत घातले आणि सगळी बाळे त्याच्याभोवती गोला झाली.’’

शेवटचा निसटलाच. तिला कळलं. क्षणभर तिचा चेहरा जुन्यासारखा आवळला आणि मेधाला वाटलं, आता चिठ्ठी फाडणार. दुर्गाने चिठ्ठीची घडी घातली, दत्ताजींच्या तांब्यात परत टाकली आणि म्हणाली, ‘‘एकच राहिला.’’ मग ती उतरली. टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि तिला त्यांचं काही पडलेलं दिसलं नाही. ती आईबापांना ओलांडून हर्षित गेला होता त्या दाराने बाहेर गेली.

बक्षीस तिला मिळालं नाही. कुठल्याशा दुसऱ्याच मुलीला मिळालं.

कार्यक्रम संपल्यावर चपला घालायच्या जागी जानकीबाई मेधासमोर येऊन उभ्या राहिल्या. जवळून त्या थकलेल्या दिसत होत्या.

‘‘मला मारायचं होतंस तर मला मारायचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोराला कशाला?’’

‘‘हाच प्रश्न मी वर्षभर तुम्हाला विचारत होते, जानकीकाकू.’’

जानकीबाई पदर सावरून चपला शोधू लागल्या. मेधाला वाटलं होतं की या क्षणी आपण जिंकू. पण दारातून तिला बाहेरची पायरी दिसत होती. तिथे हर्षित गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याला हात न लावता, दुर्गा बसली होती. मेधा त्या मुलाकडे बघून काही बोलणार होती. सॉरी म्हणणार होती बहुतेक. तोवर जानकीबाई तिला ओलांडून गेल्या, नातवाला उठवलं आणि रिक्षात बसवून निघून गेल्या.

‘‘काय बोललीस त्याच्याशी?’’ गाडीत मेधाने विचारलं.

‘‘काही नाही. तो रडून राहिला होता. रडताना बोललेलं मला आवडत नाही, म्हणून नाही बोलले.’’

इंदूर येईपर्यंत दुर्गाने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, ‘‘आई, तू जानकीबाईंसारखंच बोललीस.’’

खरं सांगायचं तर तिला पूर्ण पश्चात्ताप झालाच नव्हता. जानकीबाईंचा तो चेहरा आठवला की अजून बरं वाटत होतं, आणि लगेच त्यामागून पोराचे लाल कान यायचे आणि बरं वाटणं आंबट व्हायचं. दोन्ही तिच्यात शेजारी शेजारी बसली होती.

अनंत चतुर्दशीनंतर काही दिवसांनी एका दुपारी फोन वाजला. जानकीबाई होत्या. नमस्कार-चमत्कार काही नाही.

‘‘हर्षितने मराठी सोडलीय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्याशी इंग्रजीत बोलतो. मला इंग्रजी येत नाही हे त्याला ठाऊक आहे.’’ मग फार कष्टाने, ‘‘तुमच्या मुलीनेही सोडली होती, अपूर्वा सांगते. तुम्ही कसं... तिला पुन्हा बोलतं कसं केलंत?’’

मेधा फोन कानाला लावून उभी राहिली. हवा होता तो सूड आता पूर्ण झाला होता, अगदी मापात, टाक्याला टाका. ‘माहीत नाही’ म्हणून फोन ठेवून द्यायला काही लागलं नसतं. तिने जानकीबाईंना ताटकळत ठेवलं. पलीकडे त्या श्वास घेत होत्या, पण फोन ठेवत नव्हत्या. मागे कुठेतरी दार आपटल्याचा आवाज आला. मुलाने आपटलं असावं.

‘‘मी नाही केलं,’’ मेधा अखेर म्हणाली. ‘‘मी तर तिच्या जिभेतून रक्त काढलं होतं. थांबा.’’

तिने दुर्गाला हाक मारली. दुर्गा भूमितीची आकृती काढत होती. वर्तुळ जरा बिघडलं होतं आणि ती त्याच्याकडे शत्रूसारखी बघत होती. तिने फोन घेतला, ऐकलं आणि म्हणाली, ‘‘तुमच्याशी नाही बोलायचं मला. त्याला द्या.’’

मग फोन स्पीकरवर टाकून ती गच्चीवर गेली आणि दार लावून घेतलं. मेधा जिन्याच्या तळाशी उभी राहिली. वर काय बोलणं चाललंय ते तिला कळेना. आधी दुर्गाचा चिडलेला आवाज, मग शांतता, मग पुन्हा चिडलेला आवाज, आणि मग दोघांपैकी कुणीतरी हसलं.

जानकीबाईंना मेधाने माफ केलं नव्हतं, आणि त्यांनी तिला केलं असेल असंही तिला वाटत नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं. वरून पोरगी उतरेपर्यंत ते दोनदा आटलं, आणि दोन्ही वेळा तिने त्यात पाणी घातलं.